तुमच्या वतीनं टाकलेलं मत

बाबा, निवडणूक जवळ आली की आपल्या लेस्टरच्या घरात किचनच्या टेबलावर ताट ठेवायला जागा नसायची. होजिअरीच्या कारखान्यातली शिफ्ट संपवून तुम्ही यायचात आणि चहा निवायच्या आत पक्षाच्या पत्रकांच्या घड्या घालायला बसायचात. आई म्हणायची, "अहो, तो गठ्ठा उचला, माझे हात तेलाचे आहेत." तुम्ही तो उचलून माझ्या खुर्चीवर ठेवायचात आणि मी उभ्यानं जेवायची. आपल्या भागात तुमचाच पक्ष येणार हे सगळ्यांना माहीत होतं, तरी तुम्ही एक दार सोडायचा नाहीत. शेजारच्या लॉरीवाल्या काकांना मतदानाच्या दिवशी गाडीत बसवून शाळेच्या हॉलपर्यंत न्यायचात. ते गोरे, तुमच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, दर वेळी तेच म्हणायचे, "मत तुझ्या पक्षालाच देतो, पण पावसात चालत नाही येणार."

मी अठरा वर्षांची झाले तेव्हा त्याच टेबलाशी तुम्हाला सांगितलं की मी एका छोट्या पक्षाला मत देणार आहे. मला त्यांचं म्हणणं पटलं होतं, एवढंच कारण होतं. तुम्ही हातातलं पत्रक खाली ठेवलंत. "मत म्हणजे काय फुलं आहेत का, आवडेल त्याला द्यायला? तो येणार नाही. मग तुझं मत गेलं कचऱ्यात." मी म्हटलं, तुमचा उमेदवार माझ्या मताशिवायही येणारच आहे, मग तेही कचऱ्यातच नाही का? आई पोळी लाटायची थांबली. तुम्ही चिडला नाहीत. हळू आवाजात म्हणालात, "आम्ही इंग्लंडात आलो तेव्हा रस्त्यावर काय ओरडायचे आमच्यावर, ते तू ऐकलेलं नाहीस. दोनच मोठे पक्ष आहेत म्हणून त्या ओरडणाऱ्यांना संसदेत शिरायला वाट नाही. ती वाट तू उघडू नकोस." मी गेले आणि तुम्ही सांगितलंत तिथे फुली मारून आले. पुढेही कितीतरी वर्षं मारत राहिले.

मग तुमचं ते शेवटचं आजारपण. मतमोजणीची पद्धत बदलायची का, एका फुलीऐवजी उमेदवारांना पसंतीचे क्रमांक द्यायचे का, असं सरकारनं सगळ्या देशालाच विचारलं होतं, आणि नेमके तेव्हा तुम्ही हॉस्पिटलमध्ये होतात. नर्सकडून फॉर्म भरून घेऊन तुम्ही मला प्रॉक्सी नेमलंत, म्हणजे तुमच्या वतीनं मी मत टाकायचं. बोलताना धाप लागत होती, तरी दोनदा बजावलंत, "'नाही'वर फुली. 'नाही'वर." मी मान हलवली.

शाळेच्या हॉलमध्ये मला दोन कागद मिळाले, एक माझा, एक तुमचा. दोरीला बांधलेली पेन्सिल होती. छोट्या पक्षाला दिलेलं मत कचऱ्यात जाऊ नये म्हणून माझ्या कागदावर मी 'हो'वर फुली मारली. मग तुमचा कागद समोर घेऊन बराच वेळ उभी राहिले. बाहेर कुणीतरी खोकलं. मी तुमच्याही कागदावर 'हो'वर फुली मारली, बाबा.

तुमच्या आणि माझ्या मतानं काहीच झालं नाही. 'नाही' म्हणणारे इतके जास्त होते की मोजणाऱ्यांना घामसुद्धा आला नसेल. दुसऱ्या दिवशी निकाल लागल्यावर तुमच्याकडे आले तर तुम्ही उशीला टेकून बसला होतात. माझा हात थोपटत म्हणालात, "बघ, लोक शहाणे असतात." मी तुमच्यासाठी संत्रं सोलत होते. तीन आठवड्यांनी तुम्ही गेलात. तुमचा शेवटचा निर्णय मी फिरवला हे तुम्हाला कधी कळलं नाही.

आता मी शनिवारी एका अर्जावर सह्या गोळा करत फिरते. ज्या पक्षाला जितकी मतं, त्या प्रमाणात त्याला जागा द्या, अशी त्यात मागणी आहे. बरोबर कॉलेजात शिकवणारी माझी एक मैत्रीण असते, इथलीच, गोरी. मागच्या महिन्यात आम्ही आपल्या जुन्या रस्त्यावर गेलो. लॉरीवाले काका वॉकर धरून दारापर्यंत आले. मला त्यांनी ओळखलं, लेस्टरच्या सवयीनं लाडानं 'डक' म्हणून हाक मारली, तुमची आठवण काढली. अर्ज शेवटपर्यंत वाचला आणि परत दिला.

"आता याची गरज नाही, डक. पन्नास वर्षं आलटून पालटून त्याच दोघांना निवडलं. माझ्या डॉक्टरचा दवाखाना बंद झाला, बस बंद झाली, पोराला सरकारी घर मिळालं नाही. या वेळी मी कुणी निवडून यावं म्हणून मत देणार नाही. हे सगळं मोडावं म्हणून त्या नव्या पक्षाला देणार आहे."

"मोडल्यावर काय येईल?" मी विचारलं.

"ते मोडल्यावर बघू." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाले, "तुमच्याबद्दल नाही हं म्हणत मी. तुझा बाप चांगला होता. बाहेरून आलेल्या बाकीच्यांबद्दल म्हणतोय."

ते आवाज चढवून बोलले असते तर बरं वाटलं असतं, इतक्या मायेनं बोलत होते. त्या रस्त्यावर सात घरांत आम्हाला थोड्याफार फरकानं तेच ऐकायला मिळालं. कुणी वाद घालत नाही आता. दार लावून घेतात आणि काचेआडून बघत राहतात. तुम्ही म्हणायचात, या पद्धतीमुळे त्यांना वाट नाही. पण मतं चार-पाच ठिकाणी फुटली की थोडक्या मतांनीही माणूस निवडून येतो, आणि उरलेले सगळे त्याच्या विरुद्ध असले तरी तोच येतो. ज्या दारावर तुम्ही जन्मभर पहारा दिलात, बाबा, ते आता आतल्या बाजूनं उघडतंय. त्या दिवशी 'हो' जिंकलं असतं तर हे टळलं असतं, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. रात्री कधी वाटतं, तुमचीच भीती खरी होती, फक्त तुमचा उपाय चुकला. आणि माझा उपाय बरोबर असला तरी त्याला आता वेळ उरला आहे का, ते मला माहीत नाही.

हे पत्र कुठे पाठवणार? ते ड्रॉवरमध्ये राहील. एकच सांगते. त्या शनिवारनंतर मी आपल्या रस्त्यावर दारं वाजवायला गेलेली नाही. उरलेल्या घरांत मैत्रीण एकटी जाते, मी कोपऱ्यावर गाडीत बसून राहते. तिला सांगितलंय की माझा गुडघा दुखतो. गुडघ्याला काहीही झालेलं नाही.