दोर कोणी आवळायचे?

प्रिय वहिनी,

माझं पत्र आलेलं बघून तुला आधी वाटेल की याची नोकरी गेली. गेली नाही. टिकली आहे, आणि त्याचं तुझ्यापेक्षा मलाच जास्त नवल वाटतंय. आज सुट्टी आहे. गोदामाच्या अंगणात चिटपाखरू नाही. मी एका उपड्या खोक्यावर बसून लिहितोय आणि आमची मांजर भुश्शात लोळत अंग खराब करून घेतेय. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तू विचारतेस जेवलास का, मी हो म्हणतो, तू म्हणतेस आबा ठीक आहेत, आणि तेवढ्यात तुझं दूध उतू जातं. आपलं बोलणं दरवेळी त्या दुधापाशीच संपतं.

तर आधी काम. आम्ही अवजड आणि नाजूक वस्तूंना लाकडी खोकी करतो. यंत्रं येतात, भिंतीएवढे आरसे येतात, एकदा तर कुठल्याशा संग्रहालयाचं पेंढा भरलेलं अस्वल आलं होतं. त्याला खोक्यात बसवताना आमच्यातला लंबू त्याच्या कानाशी लागून म्हणाला, काका जरा सरकून घ्या. वस्तूच्या मापाचं खोकं ठोकायचं, मोकळ्या जागेत पेंढा कोंबायचा, दोर आवळायचे आणि चौघांनी मिळून गाडीत चढवायचं. मी आलो तेव्हा खिळे ठोकायचो. आता रंगवतो. अक्षरं कापलेले पत्र्याचे साचे असतात, ते लाकडावर धरून काळ्या रंगाचा ब्रश फिरवायचा. माझ्या आधीच्या रंगाऱ्याने काचेच्या एका खोक्यावर 'मस्ट नॉट बी ड्रॉप्ड' रंगवताना घाईत मधला 'नॉट' गाळला. म्हणजे खोकं पाडलंच पाहिजे, अशी आज्ञा मिरवत ते खोकं पार बंदरापर्यंत जाऊन आलं. तेव्हापासून मुकादमाने फर्मान काढलंय की रंगवणाऱ्याला नुसतं उतरवून चालणार नाही, वाक्य कळलं पाहिजे.

म्हणून काम सुटलं की आमची शिकवणी असते. शिकवायला एक निवृत्त टायपिस्ट बाई येतात. बोलतानाही त्यांची बोटं टेबलावर चालू असतात, त्यामुळे सगळे त्यांना टकटकबाई म्हणतात, आणि त्यांना ते माहीत आहे. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर लिहिलं: कॅन, मे, शुड, मस्ट, त्यांच्या पुढे बी, आणि त्याच्या पुढे क्रियापदाचं तिसरं रूप. मला एकदम तुझा ओटा आठवला. तू भांडी घासायचीस आणि मी, तुझं भिरभिरं, ओट्यावर बसून पाय हलवायचो. तू म्हणायचीस, द डोअर मस्ट बी क्लोज्ड, आणि मी अर्थ सांगितला की मलाच दार लावायला पाठवायचीस. द बकेट शुड बी फिल्ड, म्हणजे मी बादलीखाली नळ सोडायचा. दादा बाहेरून ओरडायचा की हे इंग्रजी नव्हे, ही फुकटची वेठबिगारी आहे, तू हिच्या नादी लागू नकोस. मग तू त्याच्यासाठीही एक वाक्य करायचीस आणि तो निमूटपणे उठून कचरा टाकून यायचा. दहावीत मला इंग्रजीत जे काही मार्क पडले ते त्या बादल्यांचे होते. दादा गेल्यापासून त्या घरात कोणी कोणाला असं गमतीत काम सांगितल्याचं मला आठवत नाही.

हां, विसरायच्या आत. त्या निवासी शाळेला तू काय कळवलंस? मागे विचारलं तर म्हणालीस, बघू. मोठ्या वर्गांना इंग्रजी शिकवायचं, राहायला स्वतंत्र खोली, खिडकीतून टेकडी दिसते. तू हे एकदाच सांगितलंस, पण सांगताना टेकडीवर जरा जास्त वेळ थांबलीस. उत्तर महिनाअखेरच्या आत द्यायचंय ना? माझ्या मनातून ते जात नाहीये.

मी काय सांगत होतो? दोर. आमच्याकडे पहिल्यापासून एक पद्धत होती. खोकं उचलायच्या आधी चौघे चार कोपऱ्यांना उभे राहायचे. प्रत्येकाने आपल्या कोपऱ्याचा दोर ओढून बघायचा आणि मोठ्याने ओरडायचं, पुढचा डावा माझा, मागचा उजवा माझा. चारही आवाज आले की मगच हात लावायचा. एके दिवशी कडक इस्त्रीचे एक गिऱ्हाईक उभे होते. ते मुकादमाला म्हणाले, हे काय भाजी मंडईसारखं? मुकादमाला ते लागलं. त्याने ओरडणं बंद करून टाकलं आणि मला पाटी रंगवायला सांगितली. रोप्स मस्ट बी टाइटन्ड. कॉर्नर्स शुड बी चेक्ड. बॉक्स मे देन बी लिफ्टेड. बाईंनी मजकूर वाचला आणि एकही खूण न करता परत दिला. वहिनी, आयुष्यात पहिल्यांदा माझा कागद लाल न होता परत आला होता. दोन दिवस मी येताजाता त्या पाटीखालून उगाचच जात होतो.

तिसऱ्या दिवशी दाताच्या डॉक्टरची खुर्ची आली. चौघे पाटीखाली उभे राहिले. चौघांनी पाटी वाचली. लंबूने तर मोठ्याने वाचली, कारण त्याला नुकतंच वाचता यायला लागलं होतं. मग खोकं उचललं. दोर कोणीच आवळले नव्हते. खुर्ची आतल्या आत सरकली, फळी फोडून बाहेर आली आणि अंगणाच्या मधोमध पाठ टेकून, पाय वर करून पडली, जणू तिचाच दात दुखत होता. लंबूचा अंगठा ठेचला तेवढंच. मुकादमाने विचारलं, दोर कोणी आवळायचे होते? चौघांनी पाटीकडे बोट दाखवलं. मुकादम बराच वेळ पाटीकडे बघत राहिला, मग त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि मग स्वतःच्याच कपाळाला हात लावून तिथल्या खोक्यावर बसला. दुसऱ्या दिवसापासून मंडई पुन्हा सुरू झाली. पाटी अजून आहे. अक्षर चांगलं आलंय म्हणून कोणी काढत नाही.

संध्याकाळी शिकवणीत हा किस्सा सांगितला तेव्हा बाई हसल्या नाहीत. त्यांची बोटंही थांबली. त्या म्हणाल्या, अशा वाक्यात करणारा लिहायची गरज नसते, पण तो कोणाला तरी ठाऊक असावा लागतो. मग त्यांनी सगळ्यांना आपापल्या घरातली तीन वाक्यं लिहायला लावली. कोणी भिंत रंगवायला हवी असं लिहिलं, कोणी बायकोला सिनेमाला नेता येईल असं लिहिलं. मी लिहायला लागलो आणि वहिनी, माझ्या हातून आपला पुढचा सोपाच कागदावर उतरला. काका आणि आत्या शेजारी शेजारी बसून म्हणताहेत: आबांना वेळेवर औषध दिलं गेलं पाहिजे. घर असं टाकता येणार नाही. तिचंही काहीतरी बघितलं गेलं पाहिजे, अजून वय आहे तिचं. आणि तू त्यांच्या पुढ्यात कप ठेवतेस, आत येतेस, आबांची कूस बदलतेस. ते दोघे चहा पितात, एकमेकांकडे बघून मान हलवतात आणि उजेड आहे तोवर निघतात. सगळं केलं गेलं पाहिजे असतं, आणि सगळं केलंही जातं.

बाई माझ्या बाकाशी आल्या, वाचलं, आणि पहिल्या वाक्यावर बोट ठेवून म्हणाल्या, बाय हूम? कोणाकडून? मी म्हटलं, बाय वहिनी. दुसरं? बाय वहिनी. तिसऱ्यालाही तेच म्हणावं लागलं, कारण तुझं काही बघायचं तर तेही तूच बघणार होतीस. मागच्या बाकावरचा एक जण विचारायला लागला की वहिनी ही कंपनीत कोणत्या हुद्द्यावर असते. सगळे हसले. मीही हसलो. पण घरी जाताना मी आमच्या गल्लीच्या पुढे निघून गेलो आणि पार बाजाराच्या टोकाला जाऊन मग मागे फिरलो.

आता खोलीचं. मी माडीवरची खोली सोडली. वारा छान यायचा तिथे, पण जिना असा उभा की मांजरसुद्धा विचार करून चढायची. आता तळमजल्यावर आहे, गोदामापासून हाकेच्या अंतरावर, जेवणाच्या सुट्टीत घरी येऊन परत जाता येतं. दाराला उंबरा नाही. घरमालकीण दिवसभर घरीच असते आणि बोलायला माणूस नाही म्हणून रेडिओवरच्या बातम्यांशी भांडते. तिला मी विचारलं की एक माणूस असं आहे ज्याला फार बोलता येत नाही, पण ऐकून घेईल, त्याच्याकडे लक्ष द्याल का? ती म्हणाली, असंच माणूस मी जन्मभर शोधतेय. आमच्या सुताराने न्हाणीच्या भिंतीला धरायला दांडा बसवून दिला. स्वतः त्याला लोंबकळून बघितलं आणि मलाही लोंबकळायला लावलं. खाटही आणली आहे. खिडकीपाशी लावली आहे, तिथून रस्ता दिसतो.

तुला आता कळलं असेल. तरी का कळवतोय ते सांगतो, आणि हे सांगायचं नव्हतं, म्हणून इतकी पानं इकडचं तिकडचं लिहिलं. मागच्या आठवड्यात भर दुपारी मला एका अनोळखी नंबरवरून फोन आला. आबांचा व्यायाम करून घ्यायला जो मुलगा येतो, त्याचा नंबर. तू तुझ्या आत्ताच्या शाळेत शिकवायला गेली होतीस. आधी नुसता श्वास ऐकू आला. मी हॅलो हॅलो करत राहिलो. तेव्हा आबा बोलले. झटका आल्यापासून ते पाणी आणि हं याच्यापुढे गेले नाहीत असं तू म्हणतेस. त्यांनी एकेक शब्द असा काढला, जसा कोणी अंधारात जिना उतरतं. "मला ने. मी आहे तोवर ती जाणार नाही. ने मला." मी विचारलं, वहिनीला सांगितलंत का? ते म्हणाले, "नको सांगू. रडेल." मी बरं म्हटलं आणि फोन त्या मुलाने घेतला. मी कबूल केलं होतं की सांगणार नाही. पण न सांगता त्यांना घेऊन आलो असतो, तर तू टेकडीकडे बघत बसून आयुष्यभर हेच म्हणाली असतीस की मी आबांना सोडून आले. तू सोडत नाहीयेस, वहिनी. ते निघालेत. तुझ्या सासऱ्याने तुझ्यासाठी एवढे शब्द कुठूनतरी गोळा केले, ते वाया घालवू नकोस. रविवारी सकाळी गोदामाची गाडी घेऊन मी येतोय. काका आणि आत्या काय म्हणायचं ते मला म्हणतील. आबांना विचारू नकोस, तुला काही माहीतच नाही असं वाग आणि नेहमीसारखी दाढी करून दे. आणि शाळेला आजच हो कळव, म्हणजे मी आल्यावर आबांना खरं सांगू शकेन की तू आधीच ठरवलं होतंस.

तुझंच,
भिरभिरं