अकरा किल्ल्यांची वाटणी

मृत्युपत्र लिहून ठेवणार मी, वय वर्षे चोपन्न, धंदा सुतारकाम, आमच्या ख्रिस्ती मंडळीत अठरा वर्षे पंच. पुढल्या आठवड्यात डॉक्टर माझं हृदय उघडून पाहणार आहेत. ते आहे, हे त्यानिमित्ताने काही पंचांना कळेल. तेव्हा पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दडपणावाचून, आणि बायको दोनदा "अहो, पान वाढलंय" म्हणून गेलेली असताना, लिहून ठेवतो की:

एक. राहतं घर, मागचं अंगण आणि बँकेत जे काही निघेल ते पत्नीचं. अंगणातली आरामखुर्चीही तिचीच. ती मी आमच्या लग्नाच्या विसाव्या वर्षी तिच्यासाठी केली. तिच्यात दोघांनी मिळून बसायचं होतं, पण दर संध्याकाळी कुठली तरी मीटिंग असे.

दोन. करवती, पटाशा, हातोड्या कारखान्यातल्या दोन्ही कारागिरांनी न भांडता घ्याव्यात. मोठा रंधा माझ्या साडूला, म्हणजे मंडळीच्या सेक्रेटरीला. तो नऊ वर्षं त्याच्याच घरी आहे. आता कायद्यानेही तिथेच राहील.

तीन. देवळातलं व्यासपीठ माझ्या हातचं. त्याला पाच पायऱ्या आहेत. मी दोन म्हणत होतो. साडू म्हणाला, "पुढारी कसा, दुरून दिसला पाहिजे." मी पाच केल्या. लाकूड उत्तम होतं, म्हणून कोणाला पाप वाटलं नाही.

त्याच पायऱ्यांवरून आमचे आधीचे पाळक सहा वर्षं चढले. शेवटी शेवटी एका आठवड्यात त्यांनी दोन अंत्यविधी केले, एक लग्न लावलं, गायन मंडळातलं भांडण मिटवलं, आणि कोणी येईना म्हणून छपराची कौलंही स्वतः बसवली. रविवारी प्रार्थना करता करता ते मधेच थांबले. मंडळीचे डोळे मिटलेले. सगळ्यांना वाटलं, आज प्रार्थना खोल गेली. सात मिनिटं कोणी खोकलंसुद्धा नाही. शेवटी पेटीवाल्या बाईंनी अंदाजाने 'आमेन'चा सूर धरला, आणि बाहेर पडताना साडू म्हणाला, "आज काय सामर्थ्य होतं!" महिन्याभरात त्यांनी राजीनामा दिला. आता ते रोपवाटिका चालवतात.

व्यासपीठ कापून त्याच्या तीन पायऱ्या कमी कराव्यात. निघालेल्या लाकडाचा एक बाक करून खाली, लोकांच्या रांगेत ठेवावा. पाळकाने उपदेश झाल्यावर तिथे बसावं. शेजारी कोणीतरी बसावं. एवढंच.

चार. नेतृत्वाच्या वर्गाची माझी वही भाचीला. बारा वर्षं मी तो वर्ग घेतला. सभा कशी चालवावी, आजाऱ्याकडे कसं जावं, भांडणाऱ्यांना कसं बसवावं, सगळं शिकवलं. हातातलं काम खाली कसं ठेवावं, हे मात्र शिकवलं नाही, कारण ते मलाच येत नव्हतं. शेवटची पंधरा पानं कोरी आहेत. ती तिने भरावीत.

पाच. आता किल्ल्या. आमच्यात देवळाच्या कामाला जो एकदा 'हो' म्हणतो त्याला त्या कामाची एक किल्ली मिळते, आणि दिलेली किल्ली कोणी परत मागत नाही. म्हणून माझ्या जुडग्यात अकरा जमल्या. बायको म्हणते, "आधी किल्ल्या घरात येतात, मग तुम्ही." आणि गेल्या महिन्यात भाचीच्या पर्समधून किल्ल्यांचा तोच खुळखुळाट आला.

"किती झाल्या?" मी विचारलं.

"तीनच, मामा."

"नाही म्हणायचं होतंस."

"देवाचं काम आहे. नाही कसं म्हणू?"

वाक्य माझंच. वर्गातला पहिला धडा.

ती एकतीस वर्षांची आहे, शाळेत शिकवते, हसताना मान मागे टाकते. पाळकही असेच हसायचे. म्हणून तिच्याकडच्या दोन आणि माझ्या दहा अशा बारा किल्ल्या बारा घरांत वाटाव्यात, आणि दर वर्षाअखेर परत मागून घ्याव्यात. भाचीकडे एकच राहावी. ती जास्तीची घेऊ लागली, तर खाली सही करणाऱ्या पहिल्या साक्षीदाराने ती तिच्या हातातून काढून घ्यावी.

रविवारी दुपारी डोळा लागला की हल्ली मला एक स्वप्न पडतं. मी उशिरा पोचतो. देवळात घोट्याएवढं पाणी आहे, ऊन पडून हिरवं झालेलं. बाक हलकेच डोलताहेत. लोक अनवाणी बसून गाताहेत, आणि पाळक त्यांच्यातच कुठेतरी आहेत, ओळखू येत नाहीत. मी खिसे चाचपतो. किल्ल्या नाहीत. दार तर उघडंच आहे. कोणी मागे वळून बघत नाही. पहिल्यांदा मी घाबरून उठलो होतो. आता बायकोला सांगून झोपतो, उठवू नकोस म्हणून.

अकरावी किल्ली देवळाच्या त्या दाराची. ती कोणालाच देऊ नये. देवडीतल्या खिळ्यावर टांगावी, सगळ्यांचा हात पोचेल अशी.

सहा. साक्षीसाठी रोपवाटिकेत गेलो, तेव्हा एक गोष्ट सांगून टाकली. त्या सात मिनिटांत मी डोळे उघडले होते. पाळक रडत होते. आणि मी डोळे पुन्हा मिटून घेतले.

ते कुंडीत माती दाबत होते. म्हणाले, "माहीत आहे हो. माझे उघडेच होते."

मग हात पुसून म्हणाले, "सही कुठे करू?"

मृत्युपत्र लिहून ठेवणाराची सही: (केली)
साक्षीदार पहिला: रोपवाटिकावाले, सहीशेजारी मातीचा अंगठा
साक्षीदार दुसरी: पेटीवाल्या बाई
ठिकाण: मागचं अंगण, आरामखुर्ची. शेजारी पत्नी, दाटीवाटीने
तारीख: रविवार, मीटिंगच्या वेळी