इकपाकचं नाव

केंब्रिज बे, ६ मे

इकपाक,

आम्ही बऱ्या आहोत. आईचे गुडघे दुखतात, सुकवलेले मासे संपत आलेत. तू पाठवलेली कॉफी पोचली, अजून फोडलेली नाही.

आज 'बाबा' लिहिलं नाही, ते चुकून नव्हे. बाबा गेल्यावर तू झालास, त्यांचं नाव तुला मिळालं; आपल्यात नावासोबत गेलेला माणूसही परत येतो, म्हणून मी सात वर्षांची पोर तुला 'बाबा' म्हणू लागले. आई 'अहो' म्हणायची. कॅरिबू हरणाच्या मटणाचा पहिला तुकडा तुझा. तुला कधी कुणी रागावलं नाही, बापाला कोण रागावणार? तिथेच तू शेफारलास.

मार्चमधल्या सभेत खाण कंपनीचं जाकीट घालून उभा राहिलास. खाडीवर बंदर होईल, तिथून खाणीपर्यंत रस्ता जाईल, पोरांना कामं मिळतील, असं सांगितलंस. इथवर ठीक, पगार घेतोस तर बोलणारच. पण आईने विरोधात बोलायला हात वर केला, तेव्हा तिच्याकडे बघून तू म्हणालास, "मी इकपाक सांगतोय. मला त्या खाडीवर रस्ता हवाय."

आईने हात खाली घेतला. तिच्यामागून सगळ्या म्हाताऱ्यांनी घेतला. त्यांच्यापुढे बाबा बोलत होते, आणि हे तुला पक्कं ठाऊक होतं. त्या खाडीमागे कॅरिबूच्या माद्या वितात म्हणून बाबांनी तिथे कधी बंदूक उडवू दिली नाही, कुत्रीसुद्धा बांधून ठेवायचे. तिथे ट्रक नेणारा तू कुठला रे इकपाक?

आई झोपलीय, असं मी तुला फोनवर सांगते ते खोटं आहे. ती शेजारीच बसलेली असते. परवा मला विचारत होती, "जिवंतपणी किती चांगले होते गं. मेल्यावर हे असे कसे झाले?" ते ऐकून मला तुझी किळस आली.

माझ्या लेकीला, लेनाला मुलगा झाला. आईने त्याला उचललं आणि कानाशी 'इकपाक' म्हणाली. नाव दोघांना असू शकतं, तुझं कुणी काढून घेत नाही. पण मग ती त्याला 'अहो' म्हणाली, आणि खूप दिवसांनी हसली.

सोमवारी त्या रस्त्याची शेवटची सुनावणी. तू येशील, बोलशीलही. आई पुढच्याच रांगेत असेल, बाबांना मांडीवर घेऊन. नवऱ्यापुढे ती गप्प बसली होती. पोटच्या पोराला गप्प कसं करायचं, ते तिला येतं.

तुझी फक्त थोरली बहीण,
आल्गोना