फटीखालची पंगत

१२ मे, रविवार

पोचलो एकदाचे. छावणीतल्या आमच्या घरापासून तासाभराचाच रस्ता, पण पस्तीस वर्षांच्या संसारात आम्ही दोघं असे नुसते राहायला म्हणून कुठे गेलो नव्हतो. हे, म्हणजे श्रीनिवासराव, गेल्या महिन्यात निवृत्त झाले. शैलाने, आमच्या लेकीने, परस्पर आठ दिवसांचं बुकिंग केलं आणि मगच सांगितलं. नाही म्हणायची सोयच ठेवली नाही.

रिसॉर्ट धरणाच्या पाण्याला लागून आहे आणि थीम आहे समुद्री चाच्यांची. समुद्र इथून तीनशे किलोमीटर! दारात एका डोळ्याला पट्टी बांधलेला लाकडी पायाचा पुतळा, त्याच्या खांद्यावर पोपट, आणि पोपटावर खऱ्या कावळ्यांनी केलेली घाण. वेटरांनाही बिचाऱ्यांना डोक्याला रुमाल बांधायला लावलेत. पलीकडे दोन अम्युझमेंट पार्क आहेत. मोठा पाळणा वर गेला की पोरींच्या किंकाळ्या आमच्या गॅलरीपर्यंत येतात. यांना सगळं पोरकट वाटेल अशी मला धास्ती होती, पण स्वारी खूश आहे. मीही आहे, खोटं कशाला लिहू. फक्त बाथरूम मी स्वतः पुन्हा घासून घेतलं. तीस वर्षं शाळेत गृहविज्ञान शिकवलंय. नळाच्या बुडाशी बोटाला बुळबुळीत लागलं की मला जेवण जात नाही.

जेवणघर जहाजाच्या डेकसारखं, पाण्यात खांब रोवून वर बांधलेलं. लाकडी फळ्या, मधे बोटभर फटी, खाली हिरवट पाणी. यांनी टेबल-खुर्ची नाकारली. गुडघे चालताहेत तोवर मांडी घालूनच जेवणार म्हणे. मुबारक नावाच्या वयस्क वेटरने कडेला पाट मांडून दिला. यांनी रीतीप्रमाणे ताटाभोवती पाणी फिरवलं आणि उजव्या हाताला, थेट फळीवर, भाताच्या पाच चिमटी ठेवल्या. मुंजीपासूनची चित्राहुती आहे ही, एक दिवस चुकलेली नाही. पहिल्या चार यम आणि चित्रगुप्ताच्या मंडळींना, पाचवी सर्व भूतांच्या नावाने. जेवून उठलो तर पाचही फटीतून खाली गेलेल्या. माशांना घातल्याचं पुण्य लागलं, असं म्हणून हे हसले.

१३ मे, सोमवार

आज जेवणघरात वास होता. फुलदाणीतलं पाणी चार दिवस बदललं नाही की येतो तसा. मी तक्रार केली. मुबारकने फिनेल आणलं, पण पुसताना कालची आमची जागा त्याने सोडून दिली. मी बोट दाखवलं तेव्हा नाइलाजाने वाकला. बाकीच्या फळ्या काळपट आहेत, तेवढीच फळी कोणी चाटून साफ करावी तशी पांढरी झाली आहे आणि तिच्यावर करड्या रंगाची तार धरणारी बुळबुळ. मी पदर नाकाला लावला.

तेव्हा पाहिलं, इतर सगळ्या टेबलांखाली ताडपत्री अंथरलेली आहे. मी विचारलं. मुबारक खालच्या आवाजात म्हणाला, "उगाच नाय टाकत मॅडम. शीत पडलं तर एक येळ चालतंय. पन साहेबानं तर नाव घिऊन बोलावलं. एकदा सवय लागली तर लई वंगाळ." खाली काय आहे, ते मात्र सांगेना.

यांना सांगितलं. यांनी ऐकून घेतलं आणि दुपारी पुन्हा तिथेच पाट मांडला. सरकारी नोकरी केली तशीच, नियम म्हणजे नियम. ज्याला एकदा दिलं त्याला अर्ध्यावर तोडायचं नसतं म्हणाले.

१४ मे, मंगळवार

भर दुपारी, लख्ख उन्हात पाहिलं. माझा चष्मा स्वच्छ होता.

यांनी चिमटी ठेवली, आणि फटीतून काहीतरी वर आलं. आधी मला गोगलगाय वाटली. ओठ होता. फिकट, मऊ, तास न् तास धुणं धुतल्यावर बोटं पडतात तसा सुरकुतलेला. खवले नाहीत, दात नाहीत. त्याने भात हळूच टिपला आणि फळी चाटली. मग शेजारच्या फटीतून दुसरा. पाच चिमटी, पाच तोंडं, पंगतीला बसल्यासारखी ओळीने. चार एकसारखी होती. पाचव्याच्या आत आणखी तोंडं होती, एकात एक, किती ते मोजायला मी थांबले नाही. कठड्याशी जाऊन ओकले.

परत आले तर हे मोठे मोठे घास ठेवत होते. वरण घालून, कालवून. लहान मुलाला भरवतात तसे.

१५ मे, बुधवार

हे जेवत नाहीत. ताटातलं सगळं खाली जातं. विचारलं तर म्हणतात, पोट भरलंय. गाल बसलेत यांचे दोन दिवसांत.

खोल्या झाडणाऱ्या बिल्किसने मला जिन्यात गाठलं. तिने हात जोडले. "अम्मा, साहेब कू ले के घर जाव. आज के आज." मी शैलाला फोन केला. ती म्हणाली, आई, तुला कुठेही गेलं तरी घाणच दिसते.

बरोबर आहे तिचं. आयुष्यभर तेवढंच दिसलं मला. म्हणून तर मी आंधळी नाही.

१६ मे, गुरुवार

जेवण खोलीत मागवलं. टाइल्सची जमीन, एक फट नाही. यांनी चिमटी ठेवल्या, त्या तशाच राहिल्या. मला हायसं वाटलं. हे मात्र उठून बाथरूममध्ये गेले आणि बराच वेळ येईनात.

मोरीच्या जाळीपाशी उकिडवे बसले होते. हाताला भात चिकटलेला, पाचही बोटं जाळीच्या भोकांत. आतून बाळ दूध पितं तसा आवाज.

मी ओढून काढलं. डेटॉलने हात धुतला. तीनदा.

१७ मे, शुक्रवार

बोटांची टोकं पांढरी पडलीत. नखं नाहीत. रक्तही नाही, नुसतं शिजवून सोललेल्यासारखं. मी फडकं गुंडाळलं, हे सोडतात. दुखत नाही म्हणतात. उलट बरं वाटतं म्हणतात — तोंडावर असं समाधान, जे मला लग्नाच्या दिवशीही दिसलं नव्हतं.

मला यांची किळस येते. देवा, नवऱ्याची किळस. लिहिलं एकदाचं. तरी मी यांना इथे सोडणार नाही. उद्या अकरा वाजता गाडी. हाताला दवाखाना, मग घर. घरी फरशी आहे, ओटा आहे, सगळं माझ्या हातचं स्वच्छ.

मोरीच्या जाळीवर जड बॅगा ठेवल्यात. दोन्ही. मघापासून बॅगा हलताहेत —

१८ मे, शनिवार

गाडी आली. हे खोलीत नव्हते.

डेकवर होते. पाटावर. ताट रिकामं. उजवा हात फटीत, कोपरापर्यंत. बोटभर फट आणि अख्खा हात गेला — कसा गेला ते बघवत नाही. मुबारक ओढत होता. मीही धरलं. माझा उजवा हात यांच्या दंडाखाली, फळीला टेकलेला, आणि —

सोडलं त्यांनी. यांना सोडलं.

मुबारक करवत आणायला पळाला. वही पर्समध्ये होती, पर्स डाव्या खांद्याला. उजवा फटीत आहे, डाव्या हाताने लिहिते, अक्षर कसंतरी येतंय.

हे समोर बसून जेवताहेत. चार दिवसांत पहिल्यांदा. माझ्यासाठी वाढून ठेवलेलं ताट ओढून घेतलं, डाव्या हाताने बचका भरून. उजव्याचं काय उरलंय ते मांडीवर आहे. मी म्हटलं, मला ओढा हो. म्हणाले, पंगत उठेपर्यंत आपण उठायचं नसतं, पद्मजा. वरणाला मीठ कमी आहे म्हणाले.

मनगट गेलं. गाडी हॉर्न वाजवतेय.

ऊबदार आहे. मऊ. पाचही, आणि त्या पाचव्यातली सगळी. बोटांमधून, नखांच्या कडेने, मी घासून घासून जिथे कधी पोचले नाही तिथपर्यंत साफ करताहेत.

मुबारक येतोय, करवत दिसते. त्याला सांगायला हवं, थोडं थांब —

मला किळस येत नाहीये. जरासुद्धा. मला कि