वरलक्ष्मीचा लांब धागा

मुरुम, रविवार, नोव्हेंबर १९७६

आज मामंजींनी चारचौघांत माझं नाव घेतलं. अजून खरं वाटत नाही.

विहिरीजवळच्या तुकड्यात वरलक्ष्मी हा नवा संकरित कापूस लावायचा हट्ट माझाच. दुष्काळातून आत्ता कुठं सावरतोय, आणि हा कापूस सारखा पाणी मागणारा. "आई कर्नाटकातली, बाप साता समुद्रापलीकडचा. नखरं असणारच की," असं मामंजी हंगामभर चिडवत होते. बोंडं भरली नसती तर? तोंड कुठं लपवलं असतं मी?

आज खरेदी केंद्रावर प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरनं एका सरकीवरची रुई बोटांनी हळूच ओढली. धागा निघतच राहिला, तुटेना. रेशमासारखा चमकत होता. ग्रेडर म्हणाला, "लई लांब धागा हाय. तलम कापड निघतंय याचं. गावरान ढिगात टाकू नका, येगळा ठेवा."

 मामंजी शेजारच्या गाडीवाल्याला म्हणाले, "आमच्या सुमननं लावलाय." सुमन! आजवर मी नुसती सूनबाई.

येताना त्यांनी थोडा कापूस खिशात घातला. हॉटेलात, पारावर, जो भेटेल त्याला धागा ओढून दाखवला. आत्ता घरी आले तर खिसा रिकामा. दारातूनच म्हणाले, "अजून जरा दे गं. शिंप्याला दाखवायचा राहिला."