रोशनी घरतचं रेकॉर्डिंग

सोम. १२ जाने.
चाचणीचा पहिला दिवस. चार मुलं झाली. ग्रंथालयाची नवी वेबसाइट उघडून द्यायची, पाच कामं सांगायची आणि शेजारी गप्प बसायचं. मदत करायची नाही हा नियम मीच केलेला, त्यामुळे तक्रार कोणाकडे करणार. एका मुलाने पुस्तकाचं नाव शोधाऐवजी सूचनांच्या चौकटीत सहा वेळा टाकलं. शेवटी म्हणतो, "पुस्तक नाहीचे मॅम तुमच्याकडे." पुस्तक माझ्या पाठीमागच्या कपाटात!
नाईक मॅडमना अजून बोलले नाही. ग्रंथपाल त्या, साइटही त्यांचीच, दीड वर्ष खपल्यात. दोन फेब्रुवारीला सुरू करायचीच म्हणतात. माझ्या नेमणुकीची मुदतही फेब्रुवारीअखेरची. पुढचं पत्र त्यांच्याच सहीने निघणार.

मंगळ. १३
आज तिघं. शेवटची रोशनी घरत, एम.ए. इतिहास, पहिलं वर्ष. उरणकडच्या गावातून एसटीने येते. नेहमीचं सांगितलं: परीक्षा तुझी नाही, वेबसाइटची आहे. मनात येईल ते मोठ्याने बोल. स्क्रीन आणि आवाज रेकॉर्ड होईल, ते फक्त मी ऐकणार.
"फक्त तुमीच ना?" दोनदा विचारलं. हो म्हटलं, मग परवानगीच्या फॉर्मवर सही केली.
तिसरं काम, गेल्या वर्षीची प्रश्नपत्रिका शोधा. ती 'रिपॉझिटरी'खाली, म्हणजे जुन्या कागदपत्रांच्या संग्रहात, ठेवलेली. तिथे थांबली. "रिपॉझिटरी म्हंजे? बँकेचा काय?" आणि पुढे गेली. सगळी पानं पालथी घातली. "मना नाय सापडत." पण उठली नाही. तेविसाव्या मिनिटाला विषयाचा कोड टाकून प्रश्नपत्रिका काढलीच. टाळी वाजवली स्वतःच. सात जणांत हे काम जमलेली ही एकटी. बाकी सहांनी सोडून दिलं.

गुरु. १५
ना. मॅडमना आकडे दाखवले. चेहरा उतरला, मग चिडल्या. "रिपॉझिटरी हा सगळीकडे चालणारा शब्द आहे. मुलांनाच काही येत नाही, त्याला मी काय करू?" उद्या ग्रंथालय समिती. "एक मिनिटाची क्लिप काढून दे. बघू देत सगळ्यांना."
रोशनीची काढून दिली. ती सगळ्यात स्पष्ट बोलते म्हणून. चेहरा दिसत नाही, आवाजावरून कोण ओळखतंय, असं स्वतःला समजावलं. तिला आधी विचारायला हवं होतं. फॉर्मवर नंबर होता. वेळ नव्हता असं लिहिणार होते. वेळ होता.

शुक्र. १६
क्लिप लावली. 'बँकेचा काय'ला सगळे हसले. इतिहासाचे साळवी सर खुर्चीतून पुढे झाले, "अरे, ही तर आमची घरत!" पुन्हा लावा, पुन्हा लावा. मॅडमनी पुन्हा लावली. वेबसाइटबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. ठरलं काय, तर मुलांना प्रशिक्षण द्यायचं.
पुढे तिला सापडलं, हे सांगायला मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात चहा आला.
आणि मी हसले. थोडंसंच. सगळे हसत होते म्हणून. कामोठ्याला घरी आल्यावर नवऱ्याला, संदीपला, सगळं सांगितलं, हे सोडून.

मंगळ. २०
रोशनीची मैत्रीण तिची दोन पुस्तकं परत करायला आली. वाचनालयाचं कार्डही ठेवलं टेबलावर.
"कार्ड कशाला?"
"ती नाय येनार आता इकडं."
काल वर्गात साळवी सरांनी विचारलं म्हणे, "काय घरत, बँकेत जाऊन आलीस का?" मग तिच्या बोलण्याची नक्कल. वर्ग हसला. ती तास अर्धा टाकून निघून गेली. आज कॉलेजलाच नाही आली.
मैत्रीण जाताना म्हणाली, "तिनं तुमचं नाव घेतलं मॅडम."
दुपारचा डबा तसाच परत नेला.

बुध. २१
रोशनीला तीनदा फोन. तिसऱ्यांदा उचलला. मी माफी मागत राहिले, तिकडे भांड्यांचा आवाज. मग म्हणाली, "तुमी बोल्लेलात, फक्त तुमीच ऐकनार." ठेवला.

गुरु. २२
अहवाल पूर्ण केला. शेवटी एक परिच्छेद घातला: विद्यार्थिनीला दिलेला शब्द मोडून, तिच्या परवानगीशिवाय रेकॉर्डिंग समितीला दाखवलं, क्लिप मी काढून दिली.
ना. मॅडम वाचता वाचता थांबल्या. "हे काढ. तुझं नाव जाईल, माझंही जाईल. आणि एवढं काय झालंय? थोडी गंमत झाली."
"तिने कॉलेज सोडलंय, मॅडम."
"दोन दिवसांत येईल. पुढच्या महिन्यात तुझं पत्र आहे, विसरू नकोस."
धमकी नव्हती ती. काळजीने बोलल्या. तेच जास्त लागलं.
काढला नाही. प्रत सरळ समितीच्या सचिवांना दिली.

शनि. २४
साडेअकराला रोशनी दारात. ओढणी घट्ट गुंडाळलेली. बसली नाही.
"मना बघायचाय तो व्हिडिओ. पूर्ण."
हेडफोन दिले. मी बाहेर काउंटरवर. काचेतून तिची पाठ दिसत होती. तेवीस मिनिटं एकाही मुलाला नीट उत्तर देता आलं नाही मला. आत गेले तेव्हा ती रडत वगैरे नव्हती.
"त्यांना येवडाच दाकवला? सापडलेला नाय दाकवला?"
नाही म्हटलं. आणि मीही हसले होते, तेही सांगितलं. तिने माझ्याकडे बघितलं. मीच मान खाली घातली.
म्हटलं, तू सांग, आत्ता तुझ्यासमोर पुसून टाकते.
"नको पुसू." मला पहिल्यांदाच अगं-तुगं केलं, रागात. "साळवी सरांना बसवा हितं. हाच काम द्या. मी बाजूला बसनार. आनि त्यांचा पन आवाज घ्या."
"ते कशाला येतील गं?"
"तुमी बोलवा तरी. मना बोलवलेलात ना?"

मंगळ. २७
साळवी सरांना स्टाफरूममध्ये गाठलं. चाचणीत प्राध्यापकही हवेत, तेच काम, रेकॉर्डिंगसकट. आधी हसले. "माझी परीक्षा घेताय की काय?"
"नाही सर, वेबसाइटची."
मग सांगितलं शेजारी कोण बसणार ते. आधीच सांगायचं ठरवलं होतं, पुन्हा कोणाला फसवायचं नाही. हसू गेलं. फॉर्म घडी करून खिशात घातला. "बघतो."

गुरु. २९
सचिवांकडून उत्तर नाही. ना. मॅडम आठवडाभर माझ्याशी कामापुरतं बोलतात. तरी आज स्वतः रोशनीचं रेकॉर्डिंग मागून घेतलं, पूर्ण. केबिनचं दार लावून बसल्या.
सरांना उद्या अकराची वेळ कळवली. हो म्हणाले नाहीत, नाही पण म्हणाले नाहीत. शिपायाला विचारलं, म्हणे सर उद्या रजेवर असतील बहुतेक. बहुतेक.
रोशनीला तसं कळवलं, की ते येतीलच असं नाही, उगाच एसटीने हेलपाटा होईल.
तिचा मेसेज आला: मी येते.