आईने ओळखलेला पाहुणा

प्रिय अबेलिनो,

गुड फ्रायडेला नक्की येतो म्हणालास, म्हणून आईने सकाळीच दारात खुर्ची मांडून घेतली होती. डॉक्टर काय म्हणाले ते तुला कळवलंच होतं; तुला बघितल्याशिवाय जायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. ऐन वेळी तुझी सुटी रद्द झाली, हे तिला सांगायला माझी जीभ रेटली नाही. सगळं अँटिग्वा शहर पाहुण्यांनी फुललेलं, आणि मी घरासमोर रस्त्यावर मिरवणुकीसाठी लाकडाच्या भुशाचा गालिचा घालत होतो. मधोमध केत्साल पक्षी. साचे मीच कापतो, भुसा मीच रंगवतो. कुणी शिकवलेलं नाही, तरी माझ्यासारखी रेघ या खोऱ्यात कुणाची येत नाही. पाणी कमी शिंपलं तर भुसा उडतो, जास्त झालं तर रंग फुटतो. मी आपला त्यातच होतो.

तेवढ्यात एक पाहुणा थांबला. होंडुरासचा, गळ्यात कॅमेरा, शहर बघायला आलेला. आईने त्याचा हातच धरला. “आलास होय रे, अबेलिनो! केवढा वाळलास! बायको जेवायला घालते की नाही?” तो गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. मी मान खाली घालून भुसा पसरत राहिलो. मग तोच म्हणाला, “आलो, आई.” तिने त्याला पाकातले हरभरे खाऊ घातले आणि माझ्या मदतीला धाडलं. गालिच्यावर आडव्या टाकलेल्या फळीवर गुडघे टेकून चाळण हलवायची, तेवढंही त्याला जमेना. तोल गेला आणि कोपर थेट पक्ष्याच्या पंखात! शेजारची तोमासा खिदळली, “मेलास रे बाबा! फिदेन्सिओ आता तुला सोडत नाही.” आई म्हणाली, “राहू दे गं. लहानपणापासून धांदरटच आहे तो.” तो पंख मी तसाच ठेवला. का, ते विचारू नकोस. मिरवणूक आली, येशूची मूर्ती खांद्यावर घेतलेले खांदेकरी त्यावरून चालत गेले, मागोमाग झाडूवाले सगळं भरून घेऊन गेले.

ईस्टरला पहाटे आई झोपेतच गेली, एवढंच तुला फोनवर सांगितलं. मला अजून रडू आलेलं नाही. शवपेटीचे कोपरे नीट जुळलेत का, तेच बघत बसलो होतो. चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला ये. त्याआधी हे कळायला हवं, म्हणून लिहितोय. शनिवारभर येणाऱ्याजाणाऱ्याला आईने सांगितलंय, की तू येऊन गेलास. तोमासाला खरं ठाऊक आहे, पण तीही बोललेली नाही. तेव्हा गल्लीत कुणी भेटलं, तर किती वर्षांनी आलो, असं म्हणू नकोस. पुन्हा आलो, म्हण.

तुझाच थोरला,
फिदेन्सिओ